बारा जोड्या

“फादर, ह्याचे पूर्ण नाव काय लिहू?”

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, गतवर्षी रत्नागिरीच्या शैक्षणिक सहलीहून परतली, ती एक लहानशी बाटली घेऊनच आमच्याकडे आली. बुलढाण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. खारे पाणी म्हटले की इकडच्या माणसास लोणार आठवते. त्यामुळे आमचे कुतूहल अनावर झाले. ओहोटीच्या वेळी दगडाखाली सापडलेला, बोटाच्या पेराएवढा एक चपटा कृमी अल्कोहोलात बुडविलेला होता. गांडुळाचाच हा समुद्रातला आप्त. परंतु ह्याच्या पाठीवर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले खवले असतात.

आम्ही बाटली उजेडाकडे धरून दोनदा हलविली. चार-पाच खवले सुटून तळाशी बसले. पोर काही बोलली नाही. तिचा चेहरा मात्र उतरला. पुढे वाचनात आले, की जिवंतपणीही धक्का लागताच हा प्राणी खवले टाकतो. काही जातींत तुटलेला खवला अंधारात चमकतो व शत्रू त्याच्यामागे लागतो. आमचे समाधान करण्यास एवढे पुरेसे नव्हते.

तिने ग्रंथालयातून फोव्हेल ह्यांच्या ग्रंथाची छायाप्रत आणली होती. पिएर फोव्हेल हे फ्रान्समधील आंजे येथील कॅथॉलिक विद्यापीठाचे प्राध्यापक. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील ह्या वर्गाच्या कृमींवर त्यांनी 1932 साली प्रबंध प्रसिद्ध केला. भारतीय प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील त्यांचा खंड 1953 चा. दूरदेशी बसून दुसऱ्यांनी भरलेल्या बाटल्या त्यांनी तपासल्या. बाटलीवरील चिठ्ठी खोटी असती तर?

ग्रंथाच्या आधारे आम्ही दोघे भिंग घेऊन बसलो. खवला गळाला तरी तो ज्यावर बसतो तो उंचवटा शरीरावर राहतो, हे कळताच आमचा जीव भांड्यात पडला. दुसरे वलय, चौथे, पाचवे, सातवे. तेथून एकाआड एक, तेविसाव्यापर्यंत. बारा जोड्या! हार्मोथोई ह्या प्रजातीत पंधरा असतात, म्हणजे ती नव्हे. पुढे कॉलेजातील सूक्ष्मदर्शकाखाली डोके पाहिले: बाजूच्या शृंगिका थेट पुढच्या कडेतून निघालेल्या. लेपिडोनोटस ही प्रजाती तिने निश्चित केली.

अडले ते जातीपाशी. त्यासाठी खवल्याची कड झालरीची की साधी, पृष्ठावरील गाठी लहान की मोठ्या, हे पाहावे लागते. काही खवले किनाऱ्यावरच गेलेले, आम्ही पाडलेले कडांशी फाटलेले, आणि कोणता कोणत्या जोडीचा हे सांगणार कोण? ग्रंथातील एक आकृती पुष्कळशी जुळत होती. परीक्षेची वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती. आम्हीच म्हणालो, “बाळ, हेच लिहून टाक.”

“चित्र जुळतं, फादर, पण खवले कुठे आहेत?”

तिने वहीत “लेपिडोनोटस, जाती अनिश्चित” असे लिहिले. सुटलेले खवले वेगळ्या नळीत ठेवून तिने नळीला चिठ्ठी लावली: “हाताळताना सुटलेले.” कोणी हाताळताना, ते मात्र तिने लिहिले नाही.