विक्रेत्याचा वाटा

बेलपाड्यातील आमच्या किराणा दुकानात वडिलांनी उंदरांचे विष कधीही ठेवले नाही. मी मात्र गेली ३ वर्षे ते ठेवतो. ‘गिऱ्हाईक मागते’ हे माझे समर्थन.

परवा कन्येच्या आग्रहावरून मायकेल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) हा माहितीपट पाहिला. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळ्या झाडून १३ जणांचे प्राण घेतले. असे का घडते, याचा तो शोध आहे. चित्रपट, संगीत, बेकारी, हिंसक इतिहास अशी अनेक कारणे मूर तपासतात. कॅनडातही बंदुका विपुल आहेत. तरी हत्या कितीतरी कमी! मग ते वृत्तवाहिन्यांनी रोज पेरलेल्या भीतीकडे वळतात.

माझे मन मात्र एका दुकानाशी अडले. जखमी झालेल्या दोन युवकांना घेऊन मूर ‘केमार्ट’च्या मुख्यालयात जातात, त्यांच्या शरीरातील गोळ्या तेथीलच होत्या. अखेर ती कंपनी पिस्तुलांच्या गोळ्यांची विक्री थांबवण्याचे जाहीर करते.

अनर्थदंडाच्या भेदांतील ‘हिंसादान’ बालपणी पाठ केले होते. हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. ते केवळ तलवारीपुरते आहे, असे मी मानत आलो.

वडिलांना विचारले, “तेव्हा गिऱ्हाईक तुटत नसे?”

“तुटत असे,” ते शांतपणे म्हणाले.

नवी मागणी मी थांबवली. उरलेल्या पुड्या घाऊक व्यापाऱ्याकडे परत धाडल्या, तर त्या दुसरा विकेल. म्हणून त्या वहीत नुकसानीच्या खाती मांडल्या आहेत.