नाणं न मागणारा खेळ

आमच्या घरात त्या खेळाचं नाव 'नागोबा'. खरं नाव 'स्नेक', पण ते आमच्याकडे कुणाच्या तोंडी बसलंच नाही. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि धाराशिव जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) आमच्यासारख्या शिक्षकाच्या घरातही मोबाइल परवडेल असं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी ह्यांनी नोकिया ११०० आणला. टॉर्चवाला! मुलगा शिकायला बाहेर होता, त्याची खुशाली कळावी म्हणून. पण खरं सांगू? तो फोन बोलण्यापेक्षा जास्त खेळण्यासाठीच वापरला गेला.

लोडशेडिंगचे ते दिवस आठवतात ना मंडळी? संध्याकाळी वीज गेली की टीव्ही गप्प, पंखा गप्प. अंगणात बाज टाकून बसायचं. शेजारची लेकरं फोनभोवती डोकी जुळवून बसायची आणि 'आता माझी पाळी' म्हणून भांडायची. ती झोपली की मग आमची पाळी. ह्यांचा नागोबा नेहमी घाईत, स्वतःच्याच शेपटीवर जाऊन आपटायचा. माझा आपला सावकाश, कडेकडेने. माझा आकडा ह्यांना शेवटपर्यंत मोडता आला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवते. (हे असते तर नक्की हरकत घेतली असती!)

हा खेळ नोकियावाल्यांनीच काढला असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. नातवाने एकदा सांगितलं, "आजी, हा खूप जुना आहे, मोठ्या मशीनवरचा." मग मी वाचत गेले. मराठीची बीए मी, यंत्रातलं काही कळत नाही, पण कुळकथा शोधायची सवय जुनी.

तर नागोबाचं मूळ आहे १९७६ सालच्या 'ब्लॉकेड' या खेळात. अमेरिकेतल्या ग्रेमलिन कंपनीने काढलेला. दोघांनी खेळायचा, पुढे जावं तशी आपल्यामागे भिंत उभी राहते, जो आधी धडकेल तो हरला. त्यानंतर १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, आणि १९८० मध्ये नाम्कोतल्या तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. हे सगळे खेळ कपाटाएवढ्या यंत्रांत असत. यंत्राला एक फट असे. फटीत नाणं टाकलं की खेळ सुरू.

ती यंत्रं मी एकदा पुण्यात पाहिली होती, ऐंशीच्या दशकात प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा. दुकानात अंधार, पडद्यांचा रंगीत उजेड आणि पोरांच्या मुठीत नाणी. एकेक पोरगा दोन-तीन मिनिटांत बाद होत होता. आता कळतं की त्यामागे मालकाचं गणित होतं. पोरगा बाद झाला नाही तर दुसरं नाणं पडणार कसं? म्हणून खेळ लवकर अवघड व्हायचा.

आमच्या गावाकडे ही यंत्रं मी कधी पाहिली नाहीत. येरमाळ्याच्या यात्रेत नव्वदच्या दशकात विटा रचायचा हातातला खेळ मिळायचा, तेवढाच काय तो. त्यामुळे शहरातल्या लोकांना जे 'जुने खेळ' वाटतात, ते आमच्या लेकरांना पहिल्यांदा भेटले ते फोनमध्येच.

फोनमध्ये ते आले कसे, हेही गमतीचं आहे. १९९७ मध्ये फिनलंडच्या नोकियातल्या टानेली अरमान्टो या इंजिनिअरने ६११० या फोनसाठी 'स्नेक' लिहिला. त्या फोनचा पडदा म्हणजे आडवे ८४ ठिपके आणि उभे ४८. आलेखाच्या वहीचं एखादं पानच म्हणा ना. कपाटाएवढा खेळ त्या पानात बसवायचा! रंग गेले, दांडा गेला, त्याच्या जागी आकड्यांची बटणं आली. २ म्हणजे वर, ८ म्हणजे खाली, ४ आणि ६ डावी-उजवीकडे. वेग वाढला की खेळ फार अवघड होई, म्हणून अरमान्टो यांनी नागोबा भिंतीला धडकण्याआधी वळायला क्षणाच्या अगदी लहानशा अंशाची सवलत ठेवली होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आम्ही मास्तर लोक याला ग्रेस मार्क म्हणतो!

पण सगळ्यात मोठी वस्तू जी गळून पडली ती म्हणजे नाण्याची फट. फोन एकदा घेतला की खेळ तुमचा. शंभर वेळा मरा, कुणी काही मागत नाही. नोकिया ११०० जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला म्हणतात. म्हणजे केवढ्या घरांत हा फुकटचा खेळ पोचला असेल बघा.

ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनीही वाट काढली. माझ्या वर्गात एक मुलगा होता, २००५ च्या सुमारास आठवीत असेल. तो ऑफ तासाला आलेखाच्या वहीवर पेन्सिलीने नागोबा काढायचा. शेजारचा मुलगा 'डावीकडे', 'वर' असं सांगायचा, हा घर घर पुढे सरकवायचा. खोडरबराने शेपटी पुसायची, पुढे डोकं काढायचं. मी वही जप्त करायला गेले आणि बघत उभी राहिले.

पुढे जावावाले रंगीत फोन आले. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'इंडियागेम्स'सारख्या कंपन्या फोनसाठी खेळ बनवू लागल्या. एकच खेळ, पण प्रत्येक फोनच्या पडद्याच्या मापाने पुन्हा बेतायचा, शिंप्याने एकाच कापडाचे दहा अंगरखे शिवावेत तसा. नोकियाच्या सुरुवातीच्या काही रंगीत फोनवर तर अख्खा खेळ ६४ केबीत बसवावा लागे. हे खेळ उतरवून घ्यायला बॅलन्समधून पैसे कापले जायचे. आमच्या बाजारातला मोबाइलवाला मात्र थोडक्या पैशात अख्खं मेमरी कार्ड भरून द्यायचा. फट परत उघडायला लागली होती, पण अजून किलकिलीच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

तो आलेखाच्या वहीवाला मुलगा. आता तिशी ओलांडलीय, दोन लेकरं आहेत, थोडी शेती आणि छोटं दुकान. गेल्या वर्षी माझ्याकडे आला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "बाई, मोबाइलवर रमी खेळत होतो." सोयाबीनचे पैसे गेले, मग बायकोचे दागिने गहाण पडले, मग हातउसने. "पहिल्यांदा जिंकलो होतो, बाई," हे त्याने तीनदा सांगितलं.

पुण्यातल्या त्या पोरांची मूठ रिकामी झाली की ती घरी जायची. मालकाला पोरगा लवकर बाद व्हायला हवा होता. इथे उलटं. तुम्ही बाद होऊच नये, उठूच नये, अशी सोय. नाणं दिसत नाही, मूठ रिकामी झालेली कळत नाही. बोट लावलं की बँकेतून पैसे गेले.

त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि वही-पेन पुढे ठेवलं. कुणाचे किती, सगळं लिहून काढलं. बायकोला बोलावून तिच्यासमोर वाचलं. ती रडली, रागावली, पण पळून गेली नाही. आता दर महिन्याला दोघं येतात आणि एकेक आकडा खोडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण कायद्याने उसनवारी फिटत नाही. ती अजून अर्धी बाकी आहे.

खेळावर माझा राग नाही. नागोबाने आम्हाला अंधारातल्या कितीतरी चांगल्या संध्याकाळी दिल्या. फक्त आता नातवंडं नवा खेळ दाखवायला आली की मी आधी विचारते, "याची फट कुठे आहे रे?" ती हसतात. हसू देत. पण दोघांनी मिळून शोधली की बहुतेक वेळा सापडते.