पाणी, अंगरखा आणि बाईचा निरोप



आंबेडकरवादी पोराच्या हातात येशूचं पुस्तक दिसलं, की आपल्यातल्या काहींच्या भुवया वर जातात. गिरणीच्या गेटवर दोघांनी मला विचारलं, 'काय रे, धर्म बदलतोस काय?' धर्माचा प्रश्न आमच्या घरात कधीच मिटला. आज्याच्या बापानं १९५६ नंतर घरातले देव उचलून नदीला दिले ते दिले. पण बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म न वाचता बाजूला ठेवला नव्हता. १९३५ ला येवल्यात घोषणा केली, तिथून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षं ते धर्म पारखत होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची हालत काय, जात त्यांच्या मागोमाग चर्चच्या आत कशी शिरली, यावर त्यांनी निबंध लिहिलेत. जो माणूस सगळं वाचून मग निवडत होता, त्याच्या लेकरांनी एका बारक्या पुस्तकाला का भ्यावं?

हे पुस्तक म्हणजे योहानाचं शुभवर्तमान. मला ते दिलं आमच्या सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या एका मावशीनं. मावशी मूळची नगरकडची, मातंग समाजातली. तिच्या आज्याच्या वेळेला घर ख्रिस्ती झालं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत बसत नाही. दलित शीख १९५६ ला बसले, आपण बौद्ध १९९० ला बसलो, मावशी अजून बाहेरच. गावाची जात मात्र कुठला आदेश वाचत नाही. गावी गेली की पेला वेगळा तो वेगळाच.

मावशी म्हणाली, 'सगळं एकदम नको वाचू लेकरा. आधी चौथा अध्याय वाच. त्यात पाणी हाय.'

चौथ्या अध्यायात खरंच पाणी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा पॅलेस्टाईन. डोक्यावर रोमन सत्ता, तिच्याखाली यहुदी आणि शोमरोनी. दोघं मोशेला मानणारे, दोघं एका पूर्वजाचं नाव सांगणारे, आणि दोघांत हाडवैर. येशूच्या आधी शंभरहून जास्त वर्षं यहुदी सत्ताधीश हिर्कानस यानं शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर पाडलं होतं. दोघंही एकमेकांना बाटलेले समजायचे. अशा मुलखात याकोबाची विहीर. आज ती नाब्लुसजवळ दाखवतात.

भर दुपार. येशू चालून दमलेला, विहिरीवर बसलेला. शिष्य खायला आणायला गावात गेलेले. एक शोमरोनी बाई पाण्याला येते आणि हा यहुदी पुरुष तिच्याकडं पाणी मागतो. बाई चमकते. तू कोण, मी कोण, त्यात मी बाईमाणूस, आणि माझ्या हातचं मागतोस? लिहिणारा तिथंच सांगून टाकतो, की या दोन लोकांचा आपसात व्यवहार नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही अभ्यासक असा लावतात, की ते एक भांडं वापरत नव्हते.

मी रात्रपाळी करून आलो होतो. एवढं वाचलं आणि झोप उडाली. 'एक भांडं वापरत नव्हते' या वाक्यासाठी आपल्याला कुठल्या अभ्यासकाची गरज आहे काय? २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं. लोकांनी घेतलं. त्यावर सवर्णांनी डोकी फोडली, तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध करून घेतलं, आणि हायकोर्टाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडलं. महाडला खालच्यानं आपला हक्क घेतला. विहिरीवर जे घडतं ते दुसऱ्या टोकाकडून आहे. तहान त्याला लागली आहे, पोहरा त्याच्याकडं नाही, आणि बाटण्याची भीती त्याला स्वतःला टाकावी लागते. ऐक्याची जबाबदारी आधी कुणावर, हे मला तिथं कळलं. ज्याच्या जातीनं भांडं वेगळं ठेवलं, त्यानं आधी हात पुढं करायचा.

आता पुढचं बघा. बाई साधीसुधी नाही, वाद घालते. आमचे बापजादे या डोंगरावर भक्ती करायचे, तुम्ही म्हणता जेरुसलेमातच करा, खरं कुठलं? येशू आपलं यहुदीपण सोडत नाही, पण 'आमच्या मंदिरात ये' असंही म्हणत नाही. तो सांगतो, दोन्ही जागांचा प्रश्न संपेल अशी वेळ येते आहे. या शुभवर्तमानातली धर्माची इतकी लांब चर्चा तो एका परक्या, बिननावाच्या बाईशी करतो. शिष्य परत येतात आणि त्यांना अचंबा कशाचा वाटतो? ती शोमरोनी असल्याचा नाही, तो बाईशी बोलतो याचा. पण तोंड उघडून कुणी विचारत नाही.

बाई घागर तिथंच टाकते आणि गावात पळते. तिच्या शब्दावर गाव विहिरीवर येतं. म्हणजे शोमरोनात पहिला प्रचार कुणी केला? तिनं. बारा जणांपैकी एकानंही नाही. ते भाकरी आणायला गेले होते.

पण दोन गोष्टी मला खुपतात. तिचे पाच नवरे झाले होते असं त्यात येतं. तेवढ्यावर शेकडो वर्षं प्रवचनकारांनी तिला वाईट चालीची ठरवली. मजकुरात तसा शब्द नाही. नवरे मेले असतील, कुणी टाकलं असेल. सोडचिठ्ठी लिहिणं पुरुषाच्या हातात होतं. दुसरी गोष्ट, दोन दिवस येशूला ऐकून झाल्यावर गावकरी तिला सांगतात, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, आम्ही स्वतः ऐकलं. बरोबरही असेल. पण घागर टाकून पळाली ती बाई त्यानंतर पुस्तकात दिसत नाही. आपल्या चळवळीत हे ओळखीचं वाटतं की नाही? माणसं गोळा करेपर्यंत बाई, समिती बनली की पुरुष.

मग सतरावा अध्याय. ऐक्यावर बोलणारे ख्रिस्ती लोक हाच अध्याय काढतात. पकडला जायच्या आधी येशू प्रार्थना करतो, की हे सगळे एक व्हावेत. हे म्हणजे फक्त समोरचे नाहीत, यांच्या शब्दावरून पुढं जे येतील तेसुद्धा. मावशी म्हणाली, 'सतरावा वाचायचा तर तेरावा आधी वाच. रात एकच हाय.' तेराव्यात तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको म्हणतो. गुरूनं पाय धुतले तर त्याची सगळी उतरंडच कोसळणार होती. आधी पाय धुणं, मग एक होण्याची भाषा. हा क्रम उलटा केला की ऐक्य म्हणजे मोठ्या गटानं लहान गटाला गिळणं.

एकोणिसाव्यात त्याला क्रुसावर देतात. शिपाई कपड्यांचे चार वाटे करतात, पण आतला अंगरखा फाडत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात. कारण त्याला शिवण नाही, वरपासून खालपर्यंत तो अखंड विणलेला आहे. जुन्या चर्चवाल्यांनी या अंगरख्याला ऐक्याची खूण मानलं. मी सुताचा माणूस, मला त्यात विणणारा हात आठवतो. त्याचं नाव कुठंच नाही. रिंग फ्रेमवर माझं काम तुटलेली तार जोडायचं. तार तुटली की आम्ही गाठ मारत नाही. कांडीवरचं टोक शोधायचं, वर आणायचं आणि रोलरमधून येणाऱ्या सुट्या तंतूंना भिडवायचं. पीळ दोघांना धरतो. आपले पुढारी करतात ती गाठ असते. जागावाटपाची गाठ. एक निवडणूक झाली की सुटते.

क्रुसाजवळ उभं कोण होतं? एक शिष्य सोडला तर बायाच. आणि विसावा अध्याय म्हणजे मग्दालिया मरीया. ती अंधारात कबरीकडं जाते, धोंड सरकलेली बघते, पळत येऊन सांगते. दोन पुरुष धावतात, आत वाकून बघतात आणि घरी जातात. ती तिथंच थांबते, रडत. थांबली म्हणून तिला तो भेटतो, नावानं हाक मारतो आणि भावांकडं निरोप देऊन पाठवतो. तो उठला यावर आपण विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न इथं बाजूला ठेवा. ख्रिस्ती धर्म ज्या बातमीवर उभा आहे ती बातमी त्यांच्याच पुस्तकात पहिल्यांदा बाईनं सांगितली, एवढं बघा. लूकच्या शुभवर्तमानात तर स्पष्ट आहे, बायांचं बोलणं पुरुषांना वायफळ बडबड वाटलं.

पुढं काय झालं? ५९१ साली पोप ग्रेगरीनं एका प्रवचनात मग्दालियेला दुसऱ्याच एका पापी बाईशी जोडून टाकलं. निरोप्या बाई वेश्या झाली आणि तशीच चित्रांत रंगवली गेली. रोमच्या चर्चनं पंचांगात ती सरमिसळ काढली १९६९ ला, आणि तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला २०१६ ला. तरी त्या चर्चमध्ये बाई धर्मगुरू होऊ शकत नाही. १९९४ ला पोपनं ते पुन्हा ठासून सांगितलं. प्रोटेस्टंटांचं थोडं बरं. दक्षिणेतल्या मंडळ्या १९४७ ला एक झाल्या, उत्तरेतल्या सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला एक झाल्या, त्याही नागपुरात, आपल्या दीक्षाभूमीच्या शहरात. दक्षिणेतल्या त्या एकत्र चर्चला पहिली बाई बिशप मिळाली २०१३ ला, पुष्पा ललिता. ऐक्यानंतर सहासष्ट वर्षांनी! आणि तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा दलितांसाठी भिंत उभी होती. कागदावर एक आणि मातीत वेगळे.

आपल्या महाराष्ट्रातही एक बाई आहे. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं. १९२२ ला मरेपर्यंत तेच काम. केडगावला ते छापलं, खिळे जुळवणाऱ्या बायाच होत्या. पण प्रवचनाला उभं राहायचं म्हटलं की आमची मावशी आजही घराघरात प्रार्थना घेते, आजाऱ्याजवळ बसते, पोरांना वाचायला शिकवते, आणि रविवारी बाकावर बसून ऐकते. मी विचारलं, तुम्हाला बोलू का देत नाहीत? म्हणाली, 'बोलायचं येतंय मला. त्यांना ऐकायचं येत न्हाई.'

दुसऱ्याच्या घराची झडती घेऊन झाली. आता आपल्या घराची घेऊ. महाप्रजापती गौतमीला संघात येऊ द्यावं म्हणून आनंदाला रदबदली करावी लागली, आणि भिक्षुणींवर आठ जादा नियम लागले, असं विनयपिटकात आहे. बाबासाहेबांनी बुद्धाची बाजू घेऊन त्यावर लिहिलं, तेही वाचा. भिक्षुणींनी मात्र थेरीगाथा मागं ठेवली. डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. आणि ही नावं पुस्तकात यायला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना वाड्यावस्त्या धुंडाळाव्या लागल्या, 'आम्हीही इतिहास घडवला' आलं १९८९ ला. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला झाला, दोन वर्षांत फुटला. पँथर १९७२ ला झाली, १९७४ ला फुटली. फुटीचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात सगळी नावं पुरुषांची.

आमच्या वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात. दोन मंडळं, दोन डीजे, बाबासाहेब एकच. मागच्या वर्षी ऐक्याची बैठक झाली. दोन्ही गटांतल्या बाया विहारात गेली कितीतरी वर्षं एकच अभ्यासिका चालवतात. पोरं दोन्ही गटांची, पंखा एकाचा, ट्यूबलाईट दुसऱ्याची. ती बघणाऱ्या वहिनींनी निरोप पाठवला, की आम्हालाही बोलवा, एकत्र कसं राहायचं ते आम्ही करूनच दाखवलंय. उत्तर गेलं, 'आधी ऐक्य होऊ द्या, मग महिलांचं बघू.' ऐक्य काही झालं नाही. बॅनरवर पहिलं नाव कुणाचं, यावर बैठक मोडली.

त्या वहिनींचा निरोप म्हणजे मग्दालियेचाच निरोप होता. आत वाकून बघून घरी जाणारे पुरुष तिथंही होते.

येत्या १४ एप्रिलच्या आधी पुन्हा बैठक ठरते आहे. माझं म्हणणं मी दोन्ही मंडळांना लिहून दिलंय, इथंही मांडतो. बैठक अभ्यासिकेत घ्यायची. बोलावणं वहिनींच्या सहीनं जाईल. पहिलं बोलणं बायांचं, आणि वर्गणीची चावीही त्यांच्यापैकी एकीकडं. मातंग, चर्मकार वस्तीतल्या आणि आमच्या ख्रिस्ती मावशीसारख्या बायांनाही बोलवायचं. चहा पुरुषांनी करायचा आणि कपही पुरुषांनीच विसळायचे. एका मंडळाच्या अध्यक्षांनी कागद वाचून घडी करून खिशात ठेवलाय. दुसरे हसले. मावशीला सांगितलं तर म्हणाली, 'बलवा की, येते मी. पाळी बदलून घेते.'

तुमच्याही वस्तीत दोन मिरवणुका निघत असतील. तिथली अभ्यासिका कोण चालवतं, एवढं आधी जाऊन बघा. जय भीम.