नऊ गावचं पाणी

साउदम्प्टन,
रविवार सकाळ

चि. बंड्यास,


काल दादाचा फोन झाला. तू घरी आलास, बॅग अजून उघडली नाहीस आणि कुणाशी बोलत नाहीस, एवढंच त्यानं सांगितलं. वहिनी मागून म्हणाली, "वन्सं, त्याला फोन करू नका, उचलायचा नाही." म्हणून पत्र लिहितेय. पत्र उचलावं लागत नाही. उशीखाली ठेव आणि वाटेल तेव्हा वाच.

तुझ्या फुटबॉल संघाच्या लोकांनी तुला नारळ दिला. अंगापिंडानं लहान आहेस आणि वेग कमी आहे, असं कारण दिलं म्हणे. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, मी तिथं नव्हते. पण तू दादाला म्हणालास, "संपलं सगळं." पंधराव्या वर्षी! या एका वाक्यासाठी मी रात्रपाळीवरून येऊन झोपायचं सोडून टेबलाशी बसले आहे.

तुला एका माणसाची गोष्ट सांगते. त्याचं नाव रिकी लॅम्बर्ट. तू म्हणशील, "आत्या, माहितेय मला, बीटवाला." बरोबर, तोच. तुम्ही पोरं त्याची गोष्ट मोबाइलवर बघता ती अशी: लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा पोरगा, दहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबनं घेतला, पंधराव्या वर्षी सोडला. मग बिटाच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं बसवली. आणि एके दिवशी इंग्लंडकडून उतरून पहिल्याच स्पर्शाला गोल! तीस सेकंदांत गोष्ट खल्लास. खोटं त्यात काही नाही. पण त्या तीस सेकंदांत मधली तेरा-चौदा वर्षं गायब आहेत आणि शेवटची तीन-चारही. मला तुला तीच पानं वाचून दाखवायची आहेत.

आपल्याकडं म्हणतात ना, बारा गावचं पाणी प्यालेला माणूस? हा नऊ गावचं प्याला. मोज: ब्लॅकपूल, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल, साउदम्प्टन, लिव्हरपूल, वेस्ट ब्रॉमिच, कार्डिफ.

लिव्हरपूलनं सोडल्यावर तो ब्लॅकपूलला गेला. तिथं थोडे सामने मिळाले. मग 2000 मध्ये नवा मॅनेजर आला आणि त्यानं याला काढलं. म्हणजे नारळ एकदा नाही, दोनदा मिळाला, आणि दुसरा मिळाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. बिटाचा कारखाना तेव्हाचा. दिवसाला वीस पौंड. त्याच दिवसांत तो मॅकल्सफील्डच्या संघाबरोबर सराव करत होता, एक पैसा न घेता. पुढं त्यांनी त्याला करारावर घेतलं. 2002 मध्ये स्टॉकपोर्टनं त्याचे तीन लाख पौंड मोजले. एवढे पैसे मोजल्यावर गोलांचा पाऊस पडायला हवा होता. तसं झालं नाही. आणि तीन वर्षांनी रॉचडेलनं त्याला घेतला तो फुकटात.

इथं जरा थांब. तीन लाखांचा माणूस तीन वर्षांत शून्याचा झाला. पाय तेच होते. पुढचेही आकडे लिहून ठेव. 2006 मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सनं दोन लाख दिले, 2009 मध्ये आमच्या साउदम्प्टननं दहा लाखांच्या आसपास, 2014 मध्ये लिव्हरपूलनं चाळीस लाख. ज्या क्लबनं पंधराव्या वर्षी घरी पाठवला, त्यानंच बत्तिसाव्या वर्षी चाळीस लाख मोजून परत नेला! मी मंडईवाल्याची नात आहे, मला हे लगेच कळतं. भाव बाजार ठरवतो, बंड्या. सकाळी वीस रुपयांनी गेलेली कोथिंबीर संध्याकाळी पाचाला जुडी मिळते, म्हणून ती संध्याकाळी वाईट झालेली नसते. त्या लोकांनी तुला सांगितला तो त्या दिवसाचा भाव होता.

पण भावाचं पुराण पुरे. मला रॉचडेलबद्दल सांगायचंय, कारण रॉचडेलची रील कुणी काढत नाही. इंग्लंडात व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्या आहेत, एकूण 92 क्लब. रॉचडेल तेव्हा चौथ्या पायरीवर होतं. काही हजार प्रेक्षक, जानेवारीत चिखल, आणि अंगावर येणारे दांडगे डिफेंडर. तिथं 2005-06 च्या हंगामात याच्या जोडीला पुढं ग्रँट हॉल्ट नावाचा दुसरा फॉरवर्ड होता. जानेवारीत हॉल्ट दुसऱ्या क्लबला गेला, लॅम्बर्टनं त्या हंगामात लीगचे 22 गोल केले. चौथ्या पायरीवरच्या चिखलात खेळणारे हे दोघंही काही वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये गोल करत होते. तेव्हा रॉचडेलच्या स्टँडमध्ये चहा पीत बसलेल्या कुणाला हे सांगितलं असतं, तर तो हसला असता.

ब्रिस्टलला सुरुवातीला पुन्हा गोल थोडेच. पण शहरातल्या दुसऱ्या संघाविरुद्धच्या कपच्या सामन्यात यानं विजयी गोल केला, आणि तुला आपल्या पेठांच्या लढती ठाऊक असल्यानं त्या एका गोलाची किंमत मी समजावून सांगायला नको. 2008-09 मध्ये तिसऱ्या पायरीवर त्यानं 29 गोल केले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सोडून दिल्याला बारा वर्षं उलटली होती.

त्याच्या पुढची पानं मी स्वतः पाहिली आहेत.

2009 च्या उन्हाळ्यात आमच्या या शहराचा क्लब बुडता बुडता वाचला होता. प्रशासकाच्या ताब्यात गेला होता, तिसऱ्या पायरीवर घसरला होता, वर शिक्षा म्हणून उणे दहा गुणांवर हंगाम सुरू करायचा होता. मार्कुस लीबहेर या उद्योगपतीनं तो विकत घेतला आणि लॅम्बर्टला आणलं. वॉर्डातल्या एका सहकारी सिस्टरचा नवरा आजारी होता, त्याचं तिकीट वाया जायला नको म्हणून तिनं मला सेंट मेरीज स्टेडियमवर नेलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गर्दीत मी एकटीच कोल्हापूरची. मनात म्हटलं, बघू तरी गोऱ्यांचं शाहू स्टेडियम कसं असतं ते. सेंटर फॉरवर्ड शोधायची सवय आपल्याला दादामुळं. मला दिसला तो एक जाडजूड, जवळजवळ चालतच खेळणारा गडी. मी सिस्टरला विचारलं, "हा धावत का नाही?" ती म्हणाली, "बघत राहा."

मी बघत राहिले. पाच वर्षं. आणि मला जे कळलं ते आमच्या वॉर्डातलंच होतं. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की धावतात. या बेडपासून त्या बेडला, पुन्हा परत. जुनी सिस्टर चालत जाते आणि तरी त्यांच्याआधी पोचते, कारण पुढची घंटा कुठल्या बेडची वाजणार हे तिला ठाऊक असतं. लॅम्बर्ट तसा होता. चेंडू त्याच्याकडं यायच्या आत त्यानं मान वळवून बघितलेलं असायचं. गोलाकडं पाठ करून, डिफेंडरला पाठीवर घेऊन तो चेंडू छातीवर झेलायचा आणि ज्याला द्यायचा त्याच्या पायात अलगद ठेवायचा. फ्री किक घ्यायचा तोच, पेनल्टीही त्याचीच. साउदम्प्टनसाठी घेतलेल्या पहिल्या 34 पेनल्टींपैकी एकही चुकली नाही. चौतीस! स्टेडियममध्ये माणसं पेनल्टी व्हायच्या आधीच उठून टाळ्या वाजवायला लागायची.

हे तो पंधराव्या वर्षी करू शकत होता का? शक्यच नाही. मान वळवून बघायची सवय स्टॉकपोर्टनं लावली की रॉचडेलनं, ते त्यालाच माहीत. पण एवढं नक्की, की वेग नसलेल्या माणसानं चौथ्या पायरीवर टिकायचं म्हणजे आधी बघायला शिकावंच लागतं. आणि शिकणं सत्ताविसाव्या वर्षानंतरही चालूच होतं. साउदम्प्टनला आल्यावर मॅनेजर ॲलन पार्ड्यूनं त्याला वजनावरून, फिटनेसवरून स्पष्ट सुनावलं. तो रुसला नाही. घाम गाळला आणि पहिल्याच हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून 36 गोल केले. 2011 मध्ये क्लब एक पायरी चढला, 2012 मध्ये आणखी एक. प्रीमियर लीगचा पहिला सामना गतविजेत्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर होता, आणि दोन्ही बढत्यांत संघाकडून सर्वाधिक गोल करणाऱ्या या माणसाला त्या दिवशी बाकावर बसवलं होतं! मी टीव्हीसमोर चडफडत होते. तो नंतर उतरला आणि त्यानं गोल केला. सामना 3-2 नं गेला, पण त्या हंगामात त्याचे लीगमध्ये 15 गोल झाले.

14 ऑगस्ट 2013 ची रात्र तुला माहीतच आहे. वेम्बली, समोर स्कॉटलंड, 2-2 बरोबरी. रूनीच्या जागी लॅम्बर्ट उतरला, बेन्सचा कॉर्नर आला, आणि याचं डोकं चेंडूला पहिल्यांदा लागलं ते गोलासाठीच. तो एकतीस वर्षांचा होता. माझ्या वॉर्डात त्या रात्री एका म्हाताऱ्या पेशंटचं ब्लड प्रेशर एवढं वाढलं की मला त्याला दरडावून झोपवावं लागलं. मीच ओरडले होते आधी, हे त्याच्या घरच्यांना सांगितलं नाही.

रील इथं संपते. खरं आयुष्य संपत नाही. 2014 च्या विश्वचषकात त्याला उरुग्वेविरुद्ध शेवटची तीनेक मिनिटं मिळाली. मग लिव्हरपूल, त्याचं लहानपणीचं दैवत. सगळ्यांना वाटलं, वर्तुळ पुरं झालं. पण तिथं तो बहुतेक बाकावरच होता, हंगामात सगळे मिळून तीन गोल. वर्षभरात वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, आणि 2017 मध्ये बूट कायमचे काढले. ज्या दारासाठी लहानपणी रडला असेल ते दार उघडलं, तेव्हा आत त्याच्यासाठी फारसं काम नव्हतं. त्याचे सर्वांत भरलेले दिवस गेले ते उणे दहा गुणांच्या, बुडता वाचलेल्या क्लबात, जिथं त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, नुसतं खेळायचं होतं. हे माझं मत. त्याला विचारलं तर तो कदाचित वेगळं सांगेल.

आता खरी गोष्ट सांगते, राग मानू नकोस. "लॅम्बर्टचं झालं तसं तुझंही होईल" असं मी म्हणणार नाही. इथं माझ्या ओळखीच्या दोन बायकांची पोरं अशीच क्लबांनी सोडली. एक इलेक्ट्रिशियन आहे, दुसरा शाळेत शिकवतो. दोघंही रविवारी खेळतात. लॅम्बर्ट एक झाला, बाकीची पोरं मोजायला कुणी बसत नाही. तुझ्या भिंतीवर अनिकेत जाधवचा फोटो आहे. आपल्या गावातून 17 वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचलेला पोरगा. तो खरा आहे, तसा दादाही खरा आहे, जो वीस वर्षं तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळला, एकही रुपया न कमावता, आणि अजून गल्लीतून जाताना माणसं त्याला "ए सेंटर फॉरवर्ड" म्हणून हाक मारतात.

मीही नऊ नाही तरी चार गावचं पाणी प्याले आहे. मिरज, मुंबई, मस्कत, मग इथं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या महिन्यात कुणीतरी सांगितलंच, की तुला जमणार नाही. त्यातल्या दोघांचं बरोबर होतं, मला खरंच जमत नव्हतं. मग शिकले.

तेव्हा उद्या सोमवार आहे. बॅग उघड. कपडे धुवायला टाक, वहिनीला वास येत असेल आणि ती बोलत नसेल. दहावीची पुस्तकं काढ. संध्याकाळी तालमीच्या मैदानावर जा, कोण काय विचारेल त्याला "सोडलं मला" एवढं सरळ सांग. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी पास मागतील. आणि चेंडू यायच्या आधी मान वळवून बघायला लाग. त्याला उंचीही लागत नाही आणि वेगही.

दादाला सांग, पोराला समजावत बसू नकोस, त्याच्याबरोबर मैदानात उतर. गुडघा दुखतो म्हणेल. दुखू दे.

तुझी,
आत्या

ता. क. बुटांचा नंबर कळव. मागच्या दिवाळीला पाठवलेले आता तुला घट्ट होत असतील.