'चालेल' आणि 'शिंग'

चिनी भाषेत सगळीकडे लागू पडेल असा एकच 'हो' नाही. बहुतेक वेळा प्रश्नातले क्रियापदच उत्तरात परत येते. 'ह छा मा?' म्हणजे 'चहा पिणार का?' यावर होकार 'ह' एवढाच, म्हणजे 'पिणार'. मराठी माणसाला ही रीत परकी नाही. 'जेवलास?' 'जेवलो.' 'येतेस?' 'येते.' सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्यासारख्या डॉक्टराने रुग्णाला 'दुखतं का?' असे विचारले, तर चिनीत उत्तर येते 'थंग', म्हणजे 'दुखतं'. सोलापुरातही ते तसेच येते. इंग्रजीच्या आधाराने चिनी शिकणारा मराठी विद्यार्थी मात्र आधी 'येस'चा प्रतिशब्द शोधतो आणि हाताशी असलेली वाट सोडून लांबून जातो.

सर्वांत जवळची वाट 'चालेल'ची आहे. कांदिवलीत मराठी माणूस 'चालेल' म्हणतो, गुजराती शेजारी 'चालशे' आणि बाजारातल्या मुंबई हिंदीत 'चलेगा'. दहा मिनिटे उशीर होणार असो, किंवा मेथीऐवजी पालक घ्यायचा असो, तिन्ही भाषांनी संमतीसाठी चालण्याचेच क्रियापद निवडले आहे. चिनी 'शिंग' नेमका हाच. त्याचा जुना अर्थ चालणे, जाणे. प्राचीन अस्थिलेखांत हे अक्षर चार रस्ते मिळतात त्या चौकासारखे काढलेले दिसते. 'शिंग पू शिंग?' म्हणजे 'चालेल की नाही?' आणि त्यावर 'शिंग'. सूर खालून वर चढता हवा, कारण चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. परवानगी द्यायची असेल तेव्हा 'ख-ई' म्हणतात; आपल्या 'हरकत नाही'चे बरेचसे काम तो करतो.

'हाओ' म्हणजे चांगले, आणि संमती देताना 'बरं'. बेत ठरला, निरोप कळला, की 'हाओ'. इथे शेवटचा लहानसा प्रत्यय मन उघडे करतो: 'हाओ आ'मध्ये उत्साह असतो, 'हाओ द'मध्ये साधा स्वीकार, तर 'हाओ पा'मध्ये नाइलाजाने म्हटलेल्या 'बरं बाबा'ची छटा उतरते. हे प्रत्यय न शिकता केवळ शब्द पाठ केले, तर माणूस राजी आहे की थकून मान डोलावतो आहे, हे कळणारच नाही.

समोरच्याचे म्हणणे खरे असेल तर 'त्वेइ', म्हणजे 'बरोबर'. याचा सूर तोडून खाली येतो. ऐकता ऐकता तो दोन-तीनदा म्हणतात, जसे आपण 'हो हो हो' म्हणतो. 'श'चा अर्थ 'आहे'. अमुक ते तमुक आहे का, या प्रश्नाला तो होकार, आणि वरिष्ठाच्या आज्ञेलाही.

नकारार्थी प्रश्नावर विशेष लक्ष द्यावे लागते. 'तू येणार नाहीस ना?' यावर न येणारा चिनी माणूस 'त्वेइ, पू लाय' म्हणतो: बरोबर, नाही येत. होकार विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. मराठीतले 'हो, नाही येणार' याच घडणीचे आहे. इंग्रजीत अशा वेळी 'नो' येतो.