मोहिनी कुठे गेली?

संपादकांनी यंदा विषय दिला तो असा : मूकपटांच्या काळातली एखादी नटी घ्या, तिचं आयुष्य सांगा, आणि रसायनशास्त्र कमी ठेवा. पहिल्या दोन अटी मान्य आहेत. तिसरीचा शब्द मी देत नाही, कारण या नट्यांची हकीकत रसायनाला वगळून सांगताच येत नाही. ज्या फितीवर त्यांचा चेहरा उमटला ती कशाची होती, कुठे पडून होती, कोणी विकली, यावरच त्या आज आपल्याला दिसतात की नाही हे ठरलं आहे. जुन्या चित्रफिती तपासणं आणि टिकवणं हे माझं काम. शिकलो पुण्यात, राहतो धाराशिवात.

नटी एक घ्यायला सांगितलं होतं, मी दोन घेतो. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, लग्नानंतरच्या गोखले. या मायलेकींना वेगळं करणं मला कधीच पटलेलं नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. फाळक्यांनी बायकांसाठी जाहिराती दिल्या, नाना ठिकाणी खेटे घातले. कोणी तयार होईना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या या नाजूक हातांच्या तरुणाला त्यांनी उचललं. प्रेक्षकांना त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. त्याच वर्षी बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. सुंदर स्त्री कशी बसते, कशी लाजते, हे त्या काळचा महाराष्ट्र एका पुरुषाकडे पाहून शिकत होता.

त्यानंतर काही महिन्यांतच फाळक्यांनी नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ काढला आणि त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई, मोहिनी झाली कमला. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची पोर होती. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. पुरुषाने स्त्री व्हायचं अशी ही भूमिका, साळुंक्यांना सहज देता आली असती. फाळक्यांनी ती मुलीला दिली. चित्रपटाच्या इतिहासावर इतकं लिहिलं गेलं, पण या निवडीकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

आता लोक मला हटकून विचारतात तो प्रश्न : पहिली अभिनेत्री कोण, आई की मुलगी? यावर सभांमध्ये आवाज चढलेले मी ऐकले आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चित्रपट एकच असल्यामुळे पडद्यावर दोघी एकाच दिवशी आल्या. कॅमेऱ्यासमोर आधी कोण उभी राहिली हे सांगू शकेल असा कागद नाही, आणि चित्रपट तर नाहीच. नायिका म्हणून मोजायचं तर कमलाबाई. पण कथापट सोडून नुसतं चलच्चित्र धरलं तर दोघींच्या आधीचीही नावं निघतात. कलकत्त्यात हिरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच क्लासिक थिएटरच्या नाटकांतले प्रवेश चित्रित केले होते. ‘अलीबाबा’त कुसुमकुमारी नाचत होत्या. सेन यांच्या फिती १९१७ च्या आगीत जळाल्या, त्यामुळे त्यांचं नाव कोणी घेत नाही. म्हणजे ‘पहिली’ हे पद कोणाला मिळालं, तर जिच्याबद्दल निदान लिहून ठेवलं गेलं तिला.

तरीही मला निवडायला लावलंच तर मी दुर्गाबाईंना निवडतो. संसार मोडलेला, पदरात मुलगी, आणि काळ असा की नाटकात काम करणाऱ्या घरंदाज बाईला घरचे दार बंद. त्या बाईने आधी रंगभूमी पत्करली, मग कॅमेरा पत्करला, आणि मुलीलाही सोबत उभं केलं. मुलीने हौसेने काम केलं असेल. आईने परिणाम ठाऊक असून केलं.

माहितीचा घोळ किती असावा? सहज उपलब्ध असलेल्या एका टिपणात दुर्गाबाईंचं जन्मसाल आणि मृत्यूची तारीख यांचा हिशेब घातला तर त्या शंभरीच्या कितीतरी पुढे जगल्या असं निघतं. मुलीच्या आयुष्यातलं काहीतरी आईच्या नावावर चढलं असणार हे उघड आहे. तरी ती तारीख भाषणांत, स्मरणिकांत तशीच फिरते. दुसरा त्रास मोबाइलवरच्या चित्रफितींचा. ‘भारताची पहिली अभिनेत्री कमलाबाई’ म्हणून लोक मला जे पाठवतात ते एक तर तारामतीच्या वेषातले साळुंके असतात, नाहीतर ‘कालिया मर्दन’मधली मंदाकिनी. मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी. १९१९ च्या त्या चित्रपटात ती बाळकृष्ण झाली होती, आणि तो चित्रपट सुदैवाने बराचसा शिल्लक आहे. ‘हरिश्चंद्र’ची काही रिळं आहेत (ती १९१३ ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्याची, हा वाद वेगळा). फाळक्यांच्या पडद्यावरचं आपल्याला आज काय दिसतं ते पाहा : बाई झालेला पुरुष दिसतो, मुलगा झालेली मुलगी दिसते. बाई म्हणून बाई जिथे पहिल्यांदा आली तो ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र गेला.

आणि कृपा करून मूकपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसं असं समजू नका. पस्तीस मिलिमीटरच्या एका फूट फितीत सोळा चौकटी असतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे सेकंदाला एक फूट. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा, म्हणजे तासाभराचा. बोलपट आल्यावर यंत्रं सेकंदाला चोवीस चौकटींवर स्थिरावली. त्यांवर जुनी फीत चढवली की तासाचा खेळ चाळीस मिनिटांत उरकतो आणि गंभीर राजा माकडासारख्या उड्या मारतो. यात फाळक्यांचा काय दोष? पण पिढ्यान्‌पिढ्या लोक हसत आले, आणि हसण्याजोगी गोष्ट जपावी असं कोणाला वाटलं नाही.

तशात ती फीत नायट्रेटची. कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची क्रिया करायची, त्यात कापूर मिसळायचा, की पारदर्शक, लवचिक सेल्युलॉइड तयार. चित्र त्यावर असं उठतं की आजचा डिजिटल पडदाही मला फिका वाटतो, कारण काळा रंग हा खऱ्या चांदीचा असतो. पण ही फीत पेटली की विझत नाही. प्राणवायू तिच्या अंगातच असल्याने ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आणि पेटली नाही तरी ती स्वतःला खातेच. तिच्यातून वायू सुटतो, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं, ते आम्ल उरलेल्या फितीला आणखी कुजवतं. चित्र पिवळं पडतं, थर एकमेकांना चिकटतात, मग काकवीसारखा चिकट द्रव सुटतो, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. डबा घट्ट बंद केला तर वायू आतच कोंडतो आणि हे सगळं लवकर होतं. माणसं जपण्यासाठी झाकण घट्ट बसवतात, आणि त्यामुळेच फीत मरते. जी कुजली नाही ती भंगारात गेली. धुऊन चांदी काढली, उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या झाल्या. आपल्या देशात १,३०० च्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण म्हणावेत असे बोटांवर मोजता येतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला लागलेल्या आगीत जुना ठेवा आणखी घटला.

आता जे प्रकरण माझ्या मनातून जात नाही त्याकडे येतो. परंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाने मागच्या चैत्रात मला बोलावलं. त्यांचे पणजोबा जत्रांमध्ये तंबू लावून खेळ दाखवत : येरमाळ्याची येडेश्वरी, नळदुर्गचा खंडोबा, नवरात्रात तुळजापूर. निजामाची राजवट, वीज नाही, पेट्या बार्शी लाइट रेल्वेने यायच्या आणि तिथून बैलगाडीने. घरातले वडीलधारे म्हणाले, “सर, ह्यात मोहिनी हाय म्हणायचे आमचे आजोबा.”

पत्र्याचा गोल डबा होता. रिळाचे बाहेरचे वेढे गेलेले, गाभा दगड झालेला, पण मधला वीतभर भाग हाताला सुटत होता. पांढऱ्या कागदावर धरून भिंगातून पाहिला. कडेला ध्वनीची पट्टी नाही, चौकट पूर्ण रुंदीची, म्हणजे मूकपट. काठावर कोडॅकची खूण : दोन चौकोन. ही खूण १९२० ची, आणि वीस वर्षांनी पुन्हा येते म्हणून १९४० चीही; ध्वनिपट्टी नसल्याने मी १९२० धरलं. अर्थात ते साल फितीच्या निर्मितीचं, चित्रीकरणाचं नव्हे. जुन्या चित्रपटाची नवी प्रत नंतरच्या फितीवर काढता येतेच. चौकटी पिवळसर रंगात बुडवलेल्या. त्यांत नथ घातलेली एक स्त्री, डावीकडे पाहणारी, उजवा तळवा स्वतःच्या डोक्यावर टेकलेला.

भस्मासुराची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. मोहिनी नाचते, डोक्यावर हात ठेवते, आणि तिची नक्कल करताना तो भस्म होतो. त्या घरातल्या सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ‘होय’ म्हटलं नाही. डोक्यावर हात ठेवण्याचे आविर्भाव हजार असतात, दुःखाचेही असतात. कमलाबाईंचा त्या वयातला खात्रीचा चेहरा शेजारी ठेवल्याशिवाय आणि सलग काही फूट फीत उलगडल्याशिवाय मी नाव देणार नाही. हे बोलणं लोकांना कोरडं वाटतं, पण एकदा चुकीचं नाव चिकटलं की ते निघत नाही, हे वर सांगितलंच.

फीत तातडीने थंड कोठारात न्यायला हवी होती. पण शहरातल्या कोणीतरी तिची किंमत लाखांत सांगितली होती. घरचे म्हणाले, विचार करून कळवतो. त्याच उन्हाळ्यात त्यांनी जुनं घर पाडलं. माळवदाच्या घरात मातीचा जाड थर डोक्यावर असतो, भिंती हात-दीड हाताच्या. तिथल्या आतल्या खोलीने ही फीत शंभर वर्षं सांभाळली होती. सामान पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, डबाही. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. पाऊस पडल्यावर मला निरोप आला तेव्हा डब्यात सुटा असा एकही वेढा उरला नव्हता. माझ्याकडे त्या चौकटींचे मोबाइलवर काढलेले काही फोटो आहेत, तेवढेच.

यावर मला हटकलं जातं, की खेड्यापाड्यांत असं काही सापडणं अशक्यच. अशक्य नाही. हंगेरीत मिहाय केर्तेसने, जो पुढे हॉलिवूडमध्ये मायकेल कर्टिझ झाला आणि ज्याने ‘कॅसाब्लांका’ काढला, १९१४ मध्ये ‘आ तोलोन्त्स’ नावाचा मूकपट केला. लिली बेर्की नायिका होती, आणि हंगेरियन रंगभूमीची थोर नटी मारी यासाई आईच्या भूमिकेत. तो हरवला म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते. जवळजवळ शतकानंतर तो न्यूयॉर्कमधल्या हंगेरियन मंडळींच्या एका इमारतीच्या तळघरात मिळाला आणि आज दोघी पुन्हा पडद्यावर दिसतात. कॅनडातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये गोठलेल्या जमिनीखालून पाचशेहून अधिक रिळं निघाली. ते गाव वितरणाच्या टोकाचं. परत पाठवायचं भाडं परवडत नाही म्हणून फिती तिथेच राहिल्या. मुंबईत झिजलेली प्रत मोठ्या शहरांतून फिरत फिरत शेवटी आमच्यासारख्या भागात जत्रेच्या तंबूत यायची. टोकाचं गाव तेव्हा आमचंच होतं. डॉसनला बर्फ होता, आम्हाला माळवद होतं. माळवदं भराभर पडत आहेत, म्हणून मला घाई आहे.

कमलाबाईंचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. लग्न झालं ते ज्या गोखल्यांची चित्ताकर्षक नाटक मंडळी होती त्यांच्या घरात, रघुनाथरावांशी. ते तरुण वयात गेले. तीन मुलगे पदरात घेऊन कमलाबाई आईसारख्याच उभ्या राहिल्या, नाटकं केली, बोलपट आल्यावर त्यांतही कामं केली. १९८० च्या ‘गहराई’पर्यंत त्या पडद्यावर दिसतात. थोरले चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांना वाचक ओळखतातच. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात नव्वदीच्या घरातल्या कमलाबाई जुने संवाद, जुनी पदं धडाधड म्हणून दाखवतात. १९९८ मध्ये त्या गेल्या. म्हातारपणचा आवाज आपल्याकडे आहे, तेराव्या वर्षीचा चेहरा नाही.

वाचकांना एक विनंती. घरात, वाड्यात, बंद पडलेल्या टॉकीजच्या माडीवर गोल डबा दिसला तर जबरदस्तीने उघडू नका. चिकटलेली फीत ओढून सोडवू नका, उन्हात ठेवू नका, काडी लावून खरी-खोटी पाहू नका, एसटीने कुठे नेऊ नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी, झाकण सैल करून ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. जुनी हँडबिलं, तिकिटं, तंबूचे फोटो असतील तर त्यांच्या मागे पेन्सिलने गावाचं आणि जत्रेचं नाव लिहून ठेवा. किंमत मला सांगता येणार नाही. डब्यात काय आहे एवढंच मी सांगू शकतो. माझा पत्ता संपादकांकडे आहे.