कीबोर्ड कोणाच्या हाती?

चि. सायली,


तुमच्या टीमचा स्प्रिंट रिव्ह्यू म्हणजे दर पंधरवड्याचं शाळेचं गॅदरिंग झालंय, असं तू फोनवर म्हणालीस. अर्धा तास स्लाइड, दहा मिनिटं घोटून घेतलेला डेमो, पलीकडून 'ग्रेट जॉब' आणि कॉल बंद. यावर काय करावं असं विचारलंस, म्हणून एफबीआयची हकिकत कळवते. गुप्तहेरांची नाही, त्यांच्या फायलींची.

एफबीआयचे एजंट नवं शतक उजाडलं तरी १९९५च्या एका जुनाट प्रणालीवर तपासाच्या नोंदी ठेवत होते. ती बदलायला 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाचा प्रकल्प निघाला आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५मध्ये गुंडाळला गेला. पुढच्याच वर्षी 'सेंटिनल' या नावाने पुन्हा श्रीगणेशा झाला. कंत्राट लॉकहीड मार्टिनकडे, काम चार टप्प्यांत, मुदत डिसेंबर २००९. ती उलटली. ऑगस्ट २०१०पर्यंत मंजूर ४५.१ कोटींपैकी ४०.५ कोटी डॉलर संपले होते आणि पदरात पडले होते चारपैकी दोन टप्पे. ज्या १८ कागदी फॉर्मना संगणकावर यायचं होतं, त्यांतले ४ आले होते. मायटर या संस्थेने पुढचा अंदाज बांधला: आणखी किमान ३५.१ कोटी डॉलर आणि ६ वर्षं!

तेव्हा एफबीआयचे मुख्य माहिती अधिकारी चॅड फुलघम यांनी काम स्वतःच्या संस्थेत ओढून घेतलं. कंत्राटी माणसं खूप कमी केली, छोटी टीम बसवली, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आखले आणि प्रत्येकाच्या शेवटी चालतं सॉफ्टवेअर समोर मांडायचा शिरस्ता घातला. आधी एखादा टप्पा संपेपर्यंत महिनोन्महिने वाट पाहावी लागायची. आता पंधरा दिवसांत जेवढं झालं तेवढं पडद्यावर, आणि झालं नाही तेही सगळ्यांसमोर. १ जुलै २०१२ला सेंटिनल सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालं, तेही मंजूर ४५.१ कोटींच्या आत.

अशा छोट्या स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या पद्धतीला अजाइल म्हणतात. तिच्या प्रशिक्षणांत ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवतात. मला मात्र तिचे कमी सांगितले जाणारे दोन तुकडे जास्त कामाचे वाटतात.

पहिला ऑक्टोबर २०११चा. ७००हून अधिक कर्मचाऱ्यांना एकदम प्रणालीवर बसवून चाचणी घेतली, तर ती दोनदा बंद पडली. यंत्रसामग्री एवढा भार पेलणारी नव्हती. त्याआधी दर पंधरवड्याला डेमो होतच होते, पण डेमोत एकच माणूस बटणं दाबतो. सातशे माणसं एकदम दाबतात तेव्हा काय होतं, हे त्यात दिसणार कसं? वेळापत्रक काही महिन्यांनी लांबलं. दुसरा तुकडा २०१४चा. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी वापरकर्त्यांचं सर्वेक्षण केलं. एकूण मत बरं होतं, पण शोध-सुविधा वापरणाऱ्यांपैकी, हवं ते बहुतेक वेळा सापडतं, असं म्हणणारे फक्त ४२ टक्के निघाले. डेमोत आपण जे आहे हे आधीच माहीत असतं तेच शोधतो. एजंट शोधतो ते आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं.

म्हणजे रिव्ह्यू झाला एवढ्याने भागत नाही. त्यात कोण बसलं आणि कोणी काय करून पाहिलं, यावर सगळं अवलंबून.

समजा, सहकारी बँकेत खातं उघडण्याच्या फॉर्मचा रिव्ह्यू आहे. प्रोग्रॅमर नावात 'टेस्ट वन' टाकतो, जन्मतारीख १ जानेवारी १९९०, मोबाइल म्हणून दहा वेळा नऊ. फॉर्म लोण्यासारखा पुढे सरकतो. तोच कीबोर्ड काउंटरवरच्या बाईंकडे द्यावा. त्या माउसला हातही लावत नाहीत, टॅब दाबत जातात. आणि टॅब पत्त्यावरून थेट शेवटच्या बटणावर उडी मारतो. मग त्यांना कालच आलेल्या एक आजी आठवतात, ज्यांच्या आधार कार्डावर जन्माचं नुसतं वर्ष आहे. फॉर्म दिवस-महिना मागत अडून बसतो. या पाच मिनिटांत टीमला जे कळलं ते वीस स्लाइडमध्ये नव्हतं. अट एकच: बाई अडखळल्या की 'तिथे नाही, इथे क्लिक करा' असं टीममधल्या कोणीही म्हणायचं नाही. हे फार अवघड जातं. प्रोग्रॅमरची जीभ अशा वेळी नुसती वळवळत असते.

त्यानंतरचा वेळ बॅकलॉगचा, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीचा. तो पडद्यावर उघडा ठेवून कामांचा क्रम ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरने तिथल्या तिथे सांगावं की टॅबचं काम वर येईल, आणि त्यासाठी अमुक रिपोर्ट खाली जाईल. 'फीडबॅक नोंदवून घेतला' असं म्हणून उठणाऱ्या टीमच्या वहीत त्या नोंदी तशाच राहतात. प्रॉडक्ट ओनर स्वतःच ते काम पहिल्यांदा रिव्ह्यूत पाहत असेल, तर दुखणं आणखी मागे आहे. त्याने ते स्प्रिंट चालू असतानाच बघायला हवं होतं.

स्क्रम या अजाइल पद्धतीवरचं श्वेबर आणि सदरलँड यांचं 'स्क्रम गाइड' पुष्कळ जण प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतं वाचतात, खरं तर २०२०ची आवृत्ती उणीपुरी १३ पानांची आहे. रिव्ह्यू ही कामाची बैठक आहे, ती नुसतं सादरीकरण होऊ देऊ नका, असं त्यात लिहिलेलं आहे. महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त ४ तास. तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे निम्म्यात उरकावं. 'डन'च्या व्याख्येत न बसणारं काम दाखवायचंच नाही, हीही त्यातलीच अट. ते अमुक कारणाने राहिलं, एवढं सुरुवातीला एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. लोक इथेच कचरतात, कारण कॉलवर मॅनेजर असतो आणि अप्रेझल जवळ आलेलं असतं. त्याचा बंदोबस्त मॅनेजरशी आधी वेगळं बोलून करावा लागतो. ते काम स्क्रम मास्टरचं, म्हणजे तुझं.

पलीकडून सध्या रिव्ह्यूला कोण येतं, तेही एकदा पाहा. पुण्यातल्या टीमच्या कॉलवर बहुतेक वेळा ग्राहक कंपनीचे तीन व्यवस्थापक असतात आणि सॉफ्टवेअर वापरणारा एकही नसतो. पुढच्या वेळी त्यांच्याकडून एकच माणूस माग, रोज त्या स्क्रीनवर बसणारा. वीस मिनिटांसाठी का होईना. आणि स्क्रीन शेअर तुमच्याकडून नको, त्याच्याकडून होऊ दे.

तुझी,
आत्या

ता.क. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. न्यूयॉर्कच्या सकाळी ९चा तुमचा साडेसहाचा रिव्ह्यू तेव्हापासून साडेसातला जाईल. हिंजवडीहून शेवटची कंपनीची बस किती वाजता सुटते ते आधी विचारून ठेव.